लाधूच्या घरची हाक

लाधूरामला मी चाळीसहून जास्त वर्षं पाहिलं, पण तो मला ठाऊक होता असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्याचं वय मला माहीत नव्हतं. त्याच्या आईचं नाव माहीत नव्हतं. तो चहात गूळ घालायचा की साखर, हे त्याच्या बाराव्याला अणचीबाईनं माझ्या हातात कप दिला तेव्हा कळलं. गूळ. दर आठ-दहा दिवसांनी तो बाजरीची पिशवी घेऊन माझ्या चक्कीवर यायचा, जोत्याच्या खालच्या पायरीवर बसायचा आणि दळण झालं की उठून जायचा. लाधू भील, म्हणून खालची पायरी. तिथं बस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर ये असं मीही कधी म्हटलं नाही.

मला लिहायची सवय नाही. चक्कीवर बसणाऱ्याला बोलायचीही फारशी लागत नाही, इंजिनाच्या आवाजात हातवाऱ्यांवर काम भागतं. मला ते बरंच पडलं. चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते, ती आजही.

आमच्या आकोडी गावात पाण्याची हाक लाधूच्या घरची. गावापासून दोन कोसांवर खडकाळ उतार संपतो तिथं मातीचा लांब बांध आहे. श्रावण लागला की लाधू शेळ्या घेऊन त्या बांधावर जाऊन राहायचा. वरून पाणी उतरलं, बांध भरून गावच्या तळ्याकडे वाहायला लागलं, की तो पळत यायचा आणि धोऱ्यावर, म्हणजे गावामागच्या वाळूच्या टेकाडावर चढून ओरडायचा, "पाणी आलं! पाणी आलं!" हे शब्द कानावर पडले की हातातलं काम हातात राहत नसे. बायका घागरी आणि कुंकू घेऊन धावायच्या, सुगना ढोली ढोल गळ्यात अडकवायचा, म्हातारी माणसं काठी विसरून निघायची. पहिल्या पाण्यात पाय बुडवायचे, त्याला कुंकू वाहायचं, गुळाचा खडा टाकायचा, मग घागर भरायची. एखाद्या वर्षी ही हाक दोनदा यायची, एखाद्या वर्षी येतच नसे. आली की गाव लाधूला मानाचा लाल साफा, म्हणजे फेटा, बांधायचं. त्याच्या बापाला बांधलं होतं, आज्याला बांधलं होतं.

आग लागली तर आमच्याकडे वेगळी हाक आहे. लांडगा आला तर वेगळी. पाण्याला एकच होती.

आता तळाबद्दल सांगायला हवं. गावाच्या पश्चिमेला एक रुंद, खोलगट वाळूचा पट्टा आहे, त्याला आम्ही तळ म्हणतो. ती एक जुनी नदी होती म्हणे. माझ्या बापानं तिला वाहताना पाहिलं नव्हतं, त्याच्या बापानंही नाही. तिथं वाळू मऊ, वारा कमी, दोन पुरुष खोल खणलं की गोडं पाणी लागायचं. मग एकेक करून लोक तिथं राहायला गेले. झोपडी, मग भिंत, मग गोठा. माझी चक्की तळाच्या काठावर, जरा उंचावर होती. लाधूची झोपडी मात्र पार धोऱ्याच्या माथ्यावर, वाऱ्याच्या तोंडात. तीही एक गंमतच होती गावाला.

"लाधू, घागरी चढवून चढवून बायकोची कंबर गेली रे. खाली ये की," नगजी म्हणायचा. नगजीचं घर तळात पहिलं, मोठ्या अंगणाचं.

"खाली नदीचं अंथरूण आहे, नगजीसा. तिच्या अंथरुणात मी कशाला झोपू?"

"मेली ती नदी. माझ्या पणजोबाच्याही आधी मेली."

"मेली असती तर कुणीतरी तिचं बारावं जेवलं असतं. तुम्ही जेवलात?"

सगळे हसायचे. नगजीही हसायचा. अणचीबाई घागर उतरवून ठेवत म्हणायची, "यांची नदी येईल तेव्हा येईल, माझी कंबर आत्ताच चालली त्याचं बोला." श्रावणात लाधू आपली खाट दोरीनं खेजडीच्या बुंध्याला बांधून ठेवायचा, धोऱ्यावरसुद्धा. "खाट पळून जाते का रे रात्रीची?" असं मीही एकदा विचारलं होतं. मी केलेली ती एकमेव थट्टा असेल. तो म्हणाला, "बांधलेली बरी," आणि बाजरी पुढं सरकवली.

पुढं लाधूचा आवाज बसत चालला. वाऱ्यात हाक तळापर्यंत पोचेना. माझ्याकडे देवळातल्या जागरणासाठी घेतलेला एक जुना भोंगा होता, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा. तो मी चक्कीच्या छपरावर बसवला, आणि शेवटची चार वर्षं लाधू बांधावरून पळत माझ्याकडे यायचा आणि भोंग्यावर हाक द्यायचा. माइक तो विंचू धरावा तसा लांब धरायचा. "यात माझा आवाज कुणाचाही वाटतो," म्हणायचा. ते खरं होतं. भोंगा इतका घोगरा होता की आत बाई बोलते की बुवा, हेही कळत नसे. मी फक्त बॅटरीला वायर लावायचो. माइक मी तोंडाजवळ कधी नेला नव्हता, हे गावाला चांगलं माहीत होतं.

त्या वर्षी मोठ्या तीजेच्या सणाआधी तीन दिवस आमच्याकडे नुसती भुरभुर होती. वरच्या अंगाला मात्र आभाळ काळं झालं होतं आणि ते हलत नव्हतं. चक्कीवर सणाच्या गोडाला लागणाऱ्या सातूच्या दळणाची गर्दी, डबे ओळीनं लागलेले. सकाळीच नगजीची बायको धापू डबा आपटून गेली.

"देवरजी, तीजेचं सातू आहे. जाडं काढलंत तर तुमच्याच डोक्यावर ओतीन, मग बसा मुंग्या वेचत."

गावाच्या नात्यानं मी तिचा दीर लागायचो. मी मान खाली घालून डबा ओळीत ठेवला. बायका हसल्या. ती जाताना वळून म्हणाली, "बघा, बोलले तर शपथ!"

तासाभरानं लाधू आला. पायांत जोडे नव्हते, कमरेपर्यंत चिखल. त्यानं इंजिनाकडे हात करून ते बंद करायला लावलं. पहिल्यांदाच तो खालच्या पायरीवर थांबला नाही, थेट आत आला.

"बांध गेला, पूनमाभाई. नुसतं तळ्याचं पाणी नाही हे. नदी येतेय, तळातून."

"नदी?"

"मी तळाच्या शेवटच्या टोकाला जातो, तिथं दोघं म्हातारे खाटेवर आहेत. तू भोंग्यावर सांग."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं? आणि ऐक. 'पाणी' म्हणू नकोस. पाणी हा शब्दच तोंडातून काढू नकोस. 'धोऱ्यावर चढा' म्हण. एवढंच. काय म्हणशील?"

"धोऱ्यावर चढा."

"परत म्हण."

"धोऱ्यावर चढा."

तो गेला. मी वायर लावली. एकदा ठिणगी उडून बोट भाजलं. माइक घेऊन दारात आलो आणि वर तळाच्या वळणाकडे पाहिलं. तिथं, जिथं जन्मभर मी नुसती वाळू पाहिली होती, तिथं ते होतं. तपकिरी, चमकणारं, वाळूवरून सरकत येणारं. त्याच्या पुढं काटक्यांचा आणि फेसाचा एक पट्टा होता.

मी म्हणालो, "पाणी आलं! पाणी आलं! पाणी आलं!"

मी घाबरलो होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं तसं नाही. मला आनंद झाला होता. लहानपणापासून ती हाक ऐकली की जे व्हायचं तेच झालं, आणि तोंडातून तेच आलं. इतकं मोठं पाणी पाहिलंय, ते मी सांगतोय, असं क्षणभर वाटलं. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

घराघरांतून घागरी बाहेर आल्या तेव्हा मला कळलं मी काय बोललो. मी पुन्हा माइक तोंडाशी धरून "धोऱ्यावर चढा" म्हणालो, दोनदा म्हणालो. पण तोवर सुगन्याचा ढोल सुरू झाला होता आणि लोक तळाच्या मध्यावर पोचले होते.

पाण्याची पहिली जीभ घोट्याएवढीच होती. बायकांनी तिच्यात पाय घातले. धापूनं वाकून कुंकू वाहिलं. लाधू शेवटच्या टोकाला पोचायच्या आधीच ढोल ऐकून मागं वळला होता. तो त्यांच्याकडे पळत येत होता, डोक्यावरचा साफा सोडून हवेत फिरवत होता, "वर! वर!" ओरडत होता. साफा लाल होता, मागच्या सालचा. लोकांना वाटलं, लाधू नाचतोय. त्यांनीही हात हलवले. हे सगळं मी दारातून पाहत होतो.

त्या जिभेमागून जे आलं ते माणसाहून उंच होतं. त्याच्यात झाडं होती, छपरं होती, शेळ्या होत्या. लाधूनं साफ्याचं एक टोक कुमटाच्या झाडाला गुंडाळलं आणि दुसरं पाण्यात फेकलं. त्याला धरून तीन बायका निघाल्या, त्यांत नगजीची भावजय होती. टोकाच्या म्हाताऱ्यांना शेजाऱ्यांनी छपरावर चढवलं होतं, ते वाचले. धापू आणि सुगना गेले. सुगन्याचा ढोल चार कोसांवर एका झुडपात सापडला. धापू चौथ्या दिवशी सापडली.

पाणी माझ्या चक्कीच्या उंबऱ्याला लागून थांबलं. तळाखाली खडूसारख्या मातीचा कठीण थर आहे, त्यामुळं ते मुरेना. दिवाळीपर्यंत तिथं तळं होतं. शहरातून लोक बघायला यायचे. आमच्याकडे डास कसा असतो हे त्या वर्षी पोरांना कळलं.

तिसऱ्या दिवशी धोऱ्यावर खेजडीखाली पंच बसले. अख्खं गाव तिथंच होतं, राहायला दुसरी जागाच नव्हती. धापू तोवर सापडली नव्हती. नगजी उभा राहिला. त्याचा आवाज फार हळू होता.

"पाणी आलं, पाणी आलं म्हणून आम्हाला खाली बोलावलंस, लाधिया. बांध फुटलेला तू डोळ्यांनी पाहिला होतास ना?"

नाव लाधूराम. प्रेमानं लाधू. लाधिया म्हणजे पायाखालचा. तोवर ते नाव मी नगजीच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"पाहिला होता, नगजीसा."

"मग तशी हाक का दिलीस?"

लाधूनं माझ्याकडे पाहिलं. मी चार हातांवर बसलो होतो. त्यानं रागानं पाहिलं नाही. दळण झालं का, असं विचारताना पाहतो तसं पाहिलं, आणि पाहत राहिला. मी माझं भाजलेलं बोट बघत होतो. फोड आला होता. तो फुटेल का, असा काहीतरी विचार मी करत होतो. कुणीतरी खोकलं. मला तोंड उघडायचं होतं, हे मी देवाशप्पथ सांगतो, पण तोंड उघडायचं असणं आणि उघडणं यांत फरक आहे.

मग लाधू म्हणाला, "हाक आमच्या घरची आहे."

एवढंच. ते खरंच होतं. हाक कुणीही दिली तरी ती त्यांच्या घरचीच असते. पण लोकांनी त्याचा अर्थ जो घ्यायचा तो घेतला. एक म्हातारा म्हणाला, "साफ्याची हाव." अणचीबाई उठायला लागली, तर लाधूनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. पंचांनी दंड वगैरे काही केला नाही. पुढच्या वर्षापासून हाक बंद, एवढंच ठरलं.

महिन्याभरानं नगजी चक्कीवर आला. धापूचा डबा ओळीत तसाच होता, मी त्याला हात लावला नव्हता.

"दळलंस का?"

"नाही."

"असू दे. तसाच दे."

मी डबा दिला. तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून गेला. चक्कीत आम्ही दोघंच होतो. त्याहून सोपी वेळ कुठली मिळणार होती? मी इंजिनात डिझेल ओतत बसलो.

पुढच्या श्रावणात गावच्या तळ्यात पाणी आलं ते कुणाला न सांगता. सकाळी एक बाई घागर घेऊन गेली तेव्हा तिला दिसलं. ती परत येऊन हळूच शेजारणीला म्हणाली. ढोल नाही, कुंकू नाही. लोक आता धोऱ्याच्या कडेनं राहायला आले होते, खाटा दोरीनं बांधायला लागले होते. बांधताना लाधूचं नाव मात्र कुणी घेत नसे. घेतलंच तर लाधिया. लग्नात त्याला बोलावणं नसे. त्याच्या मुलानं गुजरातेत काम धरलं. लाधू उघड्या डोक्यानं फिरायचा. आमच्याकडे म्हातारा माणूस उघड्या डोक्यानं फिरत नाही. मी शहरातून एकदा लाल साफा आणला होता. तो पेटीत आहे.

चक्कीवर तो येतच राहिला. मी त्याचं दळण आधी घ्यायला लागलो. एकदा त्यानं पिशवी मागं ओढली. "रांग आहे ना? मग रांगेत." मी त्याला वरच्या जोत्यावर बस म्हणालो, तेही तेव्हा. तो म्हणाला, "इथं सावली बरी आहे." सावली सगळीकडे सारखीच होती.

मागच्या थंडीत तो खोकल्यानं गेला. बाराव्याला मी धोरा चढून गेलो. माणसं थोडीच होती. अणचीबाईनं तो गुळाचा चहा दिला. ती आत जाताना मी मागून म्हणालो, "अणचीबाई, त्या दिवशी भोंग्यावर मी होतो."

ती थांबली. "माहीत आहे. त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी मला."

"मग तू... इतकी वर्षं..."

"मी पंचांतच बोलणार होते. नंतरही कितीदा म्हणाले, मी जाऊन सांगते. ते म्हणायचे, पूनमा सांगेल. घाबरट आहे, त्याला वेळ लागतो." मग तिनं माझ्या कपाकडे पाहिलं. "निवतोय. पी."

तिथून मी खाली नगजीच्या घरी गेलो. नगजी आता ऐंशीच्या घरात आहे आणि त्याला अजिबात ऐकू येत नाही. मी अंगणात उभा राहून मोठ्यानं सांगायचा प्रयत्न केला. मोठ्यानं बोलणं मला जमत नाही आणि तेच वाक्य तीनदा ओरडायचं होतं. तो कानाला हात लावून म्हणत राहिला, "कुणाची हाक? काय?" त्याची नात शाळेत शिकवते. ती मला बासा, म्हणजे आजोबा, म्हणते. म्हणाली, "बासा, तुम्ही लिहून द्या. पहिल्यापासून, नीट. मी त्यांना वाचून दाखवीन, आणि पंचायतीतही वाचीन." म्हणून लिहिलं. तिनं नीट लिहा म्हटलं होतं. जमलं की नाही ठाऊक नाही, पण यातलं काही कमी केलेलं नाही.

एक राहिलं. लाधू शेवटचा चक्कीवर आला तो पौषात. पाच किलो बाजरी असेल. चक्कीत दुसरं कुणी नव्हतं. आज सांगायचंच, असं ठरवून मी अर्ध्या दळणात इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. लाधू पायरीवर बसला होता, पाठ माझ्याकडे. तो वळला नाही. थांबला, चांगला बराच वेळ.

मग म्हणाला, "का बंद केलंस? दळण राहिलंय."

"पट्टा सैल झालाय," मी म्हणालो.

"बघ मग."

मी पट्ट्याला उगाच हात लावला आणि इंजिन चालू केलं. पीठ पिशवीत भरलं. त्यानं पिशवी उचलली, बाहेरून हात लावून पाहिलं आणि खिशातून सुतळी काढली.

"गरम आहे अजून," मी म्हणालो. "तोंड बांधू नकोस. आत घाम धरतो."

"बरं. नाही बांधत," तो म्हणाला.